मुंबईचा पाऊस बघून गावाला फोन करण्याआधी

जुलै महिना. हिंदमाताला गुडघ्याच्या वर पाणी, लोकल कुर्ल्यात अडकलेल्या आणि मी घाटकोपरला घरी खिडकीत बसलेला. टीव्हीवर राज्याचा नकाशा, त्यातला बराचसा भाग नारिंगी. मी उत्साहात गावी तात्यांना फोन लावला. "तात्या, पाऊस धरला की चांगला. बाजरीचं बघा आता." पलीकडून क्षणभर आवाजच नाही. मग तात्या म्हणाले, "आरं, तुमच्यात पडतोय त्यो. हितं वारं सुटलंय नुसतं. धुरळा जातोय डोळ्यात."

आमचं गाव माणदेशात, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला. शेत तात्या बघतात, बी-खताचे पैसे मी पाठवतो. वडील होते तोवर हवामानाच्या बातमीशी माझा संबंध छत्री घ्यायची की नाही एवढाच होता. सातबाऱ्यावर नाव लागलं आणि कळलं की रोज कानावर पडणारे निम्मे शब्द आपल्याला समजतच नाहीत. मुंबईत माझ्यासारखे हजारो आहेत. हा लेख त्यातल्या नव्यांसाठी.

आधी आपली जागा कागदावर लिहा

गाव, तालुका, जिल्हा प्रत्येकाला पाठ असतो. महसूल मंडळ विचारलं की दहातले नऊ जण गप्प होतात. मंडळ म्हणजे काही गावांचा गट, त्यावर मंडळ अधिकारी असतो. तलाठ्याला (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) एक फोन केला की आपलं मंडळ कळतं. आमचं म्हसवड. हा शब्द मोबाईलमध्ये नोंदवून ठेवा, कारण पावसाची नोंद, अतिवृष्टीची मदत, दुष्काळाची सवलत हे सगळं शेवटी मंडळावर येऊन थांबतं.

मग वरचा पत्ता. हवामान खात्याच्या लेखी महाराष्ट्राचे चार उपविभाग आहेत: कोकण आणि गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. पहिल्या तिघांचा अंदाज कुलाब्याचं प्रादेशिक केंद्र देतं, विदर्भाचा नागपूरचं. म्हणजे मुंबई एका उपविभागात आणि आमचं माण दुसऱ्यात. धुळे, नाशिक, पुणे, सोलापूर, कोल्हापूर हे सगळे 'मध्य महाराष्ट्र' या एकाच टोपलीत आहेत, हेही लक्षात असू द्या.

जिल्ह्याच्या आकड्यावरही फार भरवसा ठेवू नका. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर, तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पूर्वेला दहिवडी, तिथं 500च्या आसपास. दोन्हींची सरासरी काढून 'साताऱ्यात समाधानकारक पाऊस' असं छापून येतं आणि ते खोटंही नसतं. माणमधल्या माणसाला त्या वाक्याचा उपयोग मात्र शून्य.

मुंबईचा पाऊस मुंबईचाच

मुंबईला झोडपणारा पाऊस बहुतेक वेळा किनाऱ्याला समांतर पसरलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे येतो. अरबी समुद्रावरचे ओले वारे सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि कोकणात व घाटमाथ्यावर रिकामे होतात. घाट उतरून पूर्वेला पोचेपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात आणि माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत हे सगळे त्याच छायेत बसलेत. मराठवाडा-विदर्भाची गोष्ट वेगळी. तिकडं चांगला पाऊस बहुधा बंगालच्या उपसागरात तयार झालेलं कमी दाबाचं क्षेत्र पश्चिमेकडं सरकलं की होतो. तुमचं शेत नांदेडला किंवा यवतमाळला असेल तर दादरच्या पाण्यापेक्षा 'बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र' ही चार ओळींची बातमी तुमच्या कामाची. आमच्याकडं खरी मदार सप्टेंबरातल्या आणि परतीच्या पावसावर. तात्या त्याला उत्तरा आणि हस्त म्हणतात.

आणि मुंबई म्हणजे तरी एक कुठं? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच 24 तासांत कुलाब्याला जेमतेम 74. अंतर वीसेक किलोमीटर. एका शहरात ही तऱ्हा, तर तीनशे किलोमीटरवरच्या गावाबद्दल खिडकीतून काय दिसणार?

अंदाजातले शब्द

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण एकदा केली की जन्मभर पुरते. अंदाजाच्या प्रत्येक वाक्यात दोन गोष्टी असतात: किती जागी पडेल आणि किती पडेल. लोक दुसरी ऐकतात, पहिली सोडून देतात.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊण हिश्शापर्यंत आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याच्याही वर. 'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मुसळधार' असं वाचलं तर समजायचं की चारातल्या तीन किंवा जास्त ठिकाणी मुसळधार नाही. आमच्या वाट्याला ते 'तुरळक ठिकाण' आलेलं मला तरी फारसं आठवत नाही. ते बहुधा घाटमाथ्यावरच असतं.

आता किती. हलका म्हणजे 24 तासांत 2.5 ते 15.5 मिलिमीटर, मध्यम 64.4 पर्यंत, मुसळधार 64.5 ते 115.5, अति मुसळधार 204.4 पर्यंत, त्यापुढं अत्यंत मुसळधार. हे 24 तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. म्हणून मंगळवारी रात्रभर झालेला पाऊस बुधवारच्या नोंदीत दिसतो आणि गावाकडची माणसं म्हणतात, "बघा, सरकारी आकडा चुकीचा."

रंगांचं थोडक्यात: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. हे रंग धोक्याचे आहेत. चांगल्या पावसाची खूण म्हणून ते वाचू नका. मे महिन्यात गावाच्या जिल्ह्याला पिवळा रंग असतो तो बहुतेकदा विजांसाठी आणि सोसाट्याच्या वाऱ्यासाठी. त्या दिवशी फोन करायचा तर पेरणीचं बोलू नका, जनावरं आणि माणसं झाडाखाली थांबू नयेत एवढं सांगा. विजेचा धोका जवळ आला की दामिनी हे ॲप सूचना देतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं ते केलंय. तात्यांच्या नातवाच्या फोनवर मी ते टाकून दिलं.

टक्केवारी कुणाची?

दरवर्षी एप्रिलच्या मध्याला बातमी येते: यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस. मेअखेरीस तोच अंदाज सुधारून येतो. हा आकडा साऱ्या देशाचा असतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची देशाची दीर्घकालीन सरासरी 87 सेंटिमीटर आहे, ती 1971 ते 2020 या वर्षांवरून काढली आहे. त्याच्या 96 ते 104 टक्के म्हणजे 'सर्वसाधारण', 90 च्या खाली म्हणजे 'अपुरा'. मेघालय आणि माण एकाच बेरजेत आहेत हे विसरलं की माणूस एप्रिलमध्येच बियाण्याचे पैसे पाठवून मोकळा होतो.

शिवाय बेरीज चांगली निघते आणि पीक तरी जातं. 2023 घ्या. एल निनोचं वर्ष, म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं. अशा वर्षी आपला मान्सून अडखळण्याची शक्यता वाढते, खात्री नसते. त्या वर्षी देशाचा पाऊस अखेर 94 टक्के भरला, वाचायला फार वाईट वाटत नाही. पण त्यातला ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. फुलोऱ्यातल्या पिकाला ऑगस्टात पाणी लागतं, सप्टेंबरात झालेली भरपाई त्याला काय कामाची? म्हणून टक्केवारी ऐकली की पुढचा प्रश्न विचारायचा: मध्ये पावसाचा खंड किती दिवसांचा? त्यासाठी हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढतं. त्याचे नकाशे ढोबळ असतात, पण पहिले दोन आठवडे बघण्यासारखे. चौथ्या आठवड्यावर मी पैसे लावत नाही.

जिल्ह्याच्या पावसाची 'तूट' वाचतानाही एक माप हाताशी ठेवा. सरासरीपेक्षा 19 टक्के कमी किंवा 19 टक्के जास्त, दोन्ही 'सरासरीइतका'च धरतात. उणे 20 ते उणे 59 म्हणजे तूट, उणे 60 च्या खाली मोठी तूट.

'मान्सून दाखल' म्हणजे पेरा असं नव्हे

माझी सगळ्यात महाग चूक इथली आहे. मान्सून मुंबईत येण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून. 2023 मध्ये तो 25 जूनला आला आणि त्याच दिवशी दिल्लीतही पोचला. असं याआधी 1961 मध्ये झालं होतं. मान्सून उशिरा आला, पण राज्यभर झपाट्यानं पसरला. 'मान्सूननं राज्य व्यापलं' ही बातमी वाचून मी तात्यांच्या मागं लागलो, त्यांनी मनाविरुद्ध पेरलं, उगवलेलं तिसऱ्या आठवड्यात करपलं. दुबार पेरणीचं बी मीच विकत घेऊन दिलं, दुसरं तोंड कुठं होतं? आणि 2025 मध्ये उलटं झालं. 26 मेलाच मान्सून मुंबईत, सोळा दिवस आधी. त्या वर्षी तात्यांनी माझा फोन येण्याआधीच सांगितलं, "मी पेरत न्हाय."

मान्सून दाखल झाल्याचं वाऱ्याची दिशा, ढग, पावसाची व्याप्ती बघून जाहीर होतं. तुमच्या रानात ओल किती झाली हे त्यात नसतं. पेरणीसाठी कृषी विभागाचं सांगणं साधं आहे: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि वाफसा आल्याशिवाय पेरू नका. वाफसा म्हणजे माती ओली, पण औताला चिकटत नाही अशी. तो मुंबईत बसून कळत नाही, तो तात्यांनाच विचारायचा. मिलिमीटर मात्र दोन ठिकाणी मिळतात.

पहिलं, कृषी विभागाचं महारेन हे संकेतस्थळ. तिथं विभाग, जिल्हा, तालुका, मंडळ असं खाली खाली उतरत गेलं की रोजचा पाऊस दिसतो. महावेध प्रकल्पातून राज्यभर मंडळामंडळांत दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं बसवली आहेत. पण केंद्र मंडळाच्या गावात असतं आणि तुमचं शिवार दहा-बारा किलोमीटरवर. वळवाचा पाऊस तर बांधाच्या अलीकडं पडतो आणि पलीकडं नाही.

म्हणून दुसरं, स्वतःचा डबा. वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा, सपाट तळाचा कुठलाही डबा उघड्यावर, झाडापासून आणि भिंतीपासून लांब, जमिनीपासून हात-दीड हात उंच बांधायचा. सकाळी साडेआठला आत शाळेची पट्टी बुडवायची. पाणी जितके मिलिमीटर उंच तितका पाऊस. मग डबा पालथा. तोंड रुंद आणि तळ निमुळता असलेला डबा चालत नाही, आकडा फुगतो. पट्टीचा शून्य टोकापासून थोडा आत असतो, तेवढं धरून वाचायचं. तात्यांचा नातू रोज आकडा पाठवतो. सुरुवातीला तात्या हसायचे, त्यांचं माप वेगळं: 'बोटभर ओल', 'औत चालंल एवढा', 'नुसता शिपका'. मी दोन्ही वहीत शेजारी शेजारी लिहीत गेलो. एका पावसाळ्यात कळलं की आमच्या रानात तात्यांचा 'शिपका' म्हणजे पाच-सहा मिलिमीटर आणि 'औत चालंल एवढा' म्हणजे पंचविसाच्या वर.

एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर. एका एकरावर सुमारे चार हजार लिटर. म्हणजे पंचवीस मिलिमीटरच्या एका पावसानं एकरी लाखभर लिटर पाणी पडलं, दहा हजार लिटरचे दहा टँकर. टँकरचं बिल भरणाऱ्याला हा हिशोब लगेच समजतो.

धरण भरलं, पण कुणाचं

मुंबईत जूनपासून रोज सात तलावांचा आकडा येतो: अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. भरल्यावर साठा सुमारे 14.47 लाख दशलक्ष लिटर. यातले विहार आणि तुळशी सोडले तर बाकीचे शहराबाहेर, ठाणे-नाशिककडच्या डोंगरात. तिथं पाऊस पडला की आपल्या नळाची चिंता मिटते, पण त्याच तलावांच्या शेजारच्या शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. धरण जवळ असणं आणि पाणी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गावाकडची धरणं टीएमसीत मोजतात, म्हणजे अब्ज घनफूट. सरकारी तक्त्यात दलघमी असतं, म्हणजे दशलक्ष घनमीटर. एक टीएमसी म्हणजे 28.3 दलघमी. मुंबईचे सातही तलाव मिळून साधारण 51 टीएमसी होतात. एकट्या कोयनेची क्षमता 105 टीएमसी. कोयना सातारा जिल्ह्यातच आहे, पण ती भरल्याची बातमी वाचून तात्यांचं अभिनंदन करू नका. मी केलंय.

उजनीची बातमी नवख्याला हमखास चकवते. 'उजनी शून्य टक्के' आणि मग 'उजनी उणे 30 टक्के'. धरणात उणे पाणी कसं असेल? उजनीत एकूण 117 टीएमसी मावतं, त्यातला उपयुक्त साठा 53.57 आणि बाकीचा 63 च्या वर मृत साठा, म्हणजे कालव्याच्या दारापेक्षा खाली राहणारं पाणी. शून्य म्हणजे उपयुक्त साठा संपला. त्या क्षणीही धरणात मुंबईच्या सात भरलेल्या तलावांपेक्षा जास्त पाणी असतं. तिथून पुढं मृत साठ्यातून जे खर्च होतं ते उणेमध्ये दाखवतात. तुमचं शेत लाभक्षेत्रात असेल तर हे आकडे रोज बघा. नसेल तर विहिरीची पातळी विचारा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते. त्यातली ऑक्टोबरची नोंद पुढच्या उन्हाळ्याचं भविष्य आताच सांगून टाकते.

दुष्काळ कधी 'जाहीर' होतो

माझे वडील 1972 च्या दुष्काळात मुंबईला आले. तेव्हा दुष्काळ म्हणजे खडी फोडायची कामं आणि सुकडी. आता दुष्काळ ही एक प्रक्रिया आहे, आणि बातमीत तिचे टप्पे येतात. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेवरून राज्यानं 2017 मध्ये पद्धत ठरवली. पावसातली तूट किंवा तीन-चार आठवड्यांचा खंड दिसला की 'पहिली कळ' (इंग्रजीत ट्रिगर) लागू होते. मग उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवळ, मातीतली ओल, भूजल, पेरणीचं क्षेत्र हे तपासून 'दुसरी कळ'. त्यानंतर तालुक्यातल्या दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पिकांची पाहणी, त्याला सत्यमापन म्हणतात. मग 'मध्यम' किंवा 'गंभीर' अशी घोषणा. म्हणून 'तालुक्यात पहिली कळ लागू' हे वाचून मदत आली असं समजू नका, अजून बरंच बाकी असतं.

31 ऑक्टोबर 2023 ला राज्यानं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. ओरड झाल्यावर काही दिवसांतच 1021 महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. मंडळाचं नाव लिहून ठेवा म्हणालो ते यासाठी. जाहीर झाल्यावर जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सूट, परीक्षा शुल्कात माफी अशा सवलती लागू होतात. रोख रक्कम त्यात आपोआप नसते.

पैसेवारीची (पीक किती आलं याच्या सरकारी अंदाजाची) बातमीही सप्टेंबरअखेरीपासून टप्प्याटप्प्यानं येते. 50 पैशांच्या आत म्हणजे पीक निम्म्याहून कमी. आणि 'अतिवृष्टी' हा शब्द महसूल खात्याच्या भाषेत मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस, असा आहे. 'ओला दुष्काळ' भाषणात असतो, नियमात नाही.

आठवड्याचं वेळापत्रक

सकाळी नऊनंतर डब्याचा आकडा आणि महारेन. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला. तो राहुरी, परभणी, अकोला, दापोली या कृषी विद्यापीठांशी जोडलेल्या केंद्रांतून निघतो आणि मेघदूत ॲपवर मराठीत मिळतो. फवारणी करायची का, कापणी लांबवायची का, हे त्यात सरळ लिहिलेलं असतं. गुरुवारी विस्तारित अंदाज. बाकी व्हॉट्सॲपवर फिरणारा ढगांचा व्हिडिओ आधी तारीख बघून उघडा. गेल्या वर्षीचा निम्म्या वेळा निघतो.

पीकविम्याची खरिपाची मुदत साधारण 31 जुलै असते. 2023 ला सुरू झालेला एक रुपयातला विमा 2025 च्या खरिपापासून बंद झाला. आता खरीप पिकांना विमा रकमेच्या 2 टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना 5 टक्के हप्ता. कशाकशाची भरपाई मिळते ते बदलत राहतं, त्यामुळे चालू हंगामाचा शासन निर्णय वाचूनच पैसे भरा. शेजाऱ्याला मागच्या वर्षी काय मिळालं यावर जाऊ नका.

आणि एक काम मुंबईतून होतच नाही. ई-पीक पाहणी म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद मोबाईलवरून करणं, तिचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. घाटकोपरच्या गच्चीवरून मी प्रयत्न करून पाहिलाय. तात्यांच्या घरातल्या कुणाला जमत नसेल तर 15 ऑगस्टला जोडून एक रजा टाका, रात्रीची एसटी धरा आणि जाताना नवी पट्टी घेऊन जा. आमची पहिली शेळीनं चावली.